होळीच्या तोंडावर पुन्हा गारठा? हवामानाचे नकाशे काय म्हणतायत (सोलापूर परिसर)

हवापाणी | रविवार, रात्री ८:५०

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आपल्याकडं म्हणतात. यंदाही शिवरात्र झाली, दुपारचा पारा चौतिशीला टेकला, माळ्यावरचे कूलर खाली उतरले. आता मात्र बुधवारपासून तीन-चार पहाटा पुन्हा गारठ्याच्या निघतील असं नकाशे बघून वाटतंय. मोबाइलच्या ॲपवर सोलापूरचं किमान १७-१८ दिसतंय. माझा अंदाज शहरात १३ च्या आसपास आणि उघड्या रानात त्याहून दोन-तीन अंश खाली. का, ते खाली लिहितो. नुसता आकडा हवा होता त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

सुरुवात ५०० हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचं माप) नकाशापासून करायची. म्हणजे साधारण साडेपाच-पावणेसहा किलोमीटर उंचीवरचे वारे. विंडी या हवामानाच्या वेबसाइटवर उंचीची पट्टी वर सरकवली की हा नकाशा मिळतो. हिवाळ्यात या उंचीवर उत्तर भारतावरून पश्चिमेचे वारे वाहत असतात आणि त्यांत मधूनमधून दक्षिणेकडं लोंबणारा बाक येतो. तोच आपला पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानमार्गे तो येतो आणि दिवसाला साधारण आठ-दहा रेखांश पुढं सरकतो. आज तो ६२ रेखांशाजवळ आहे. आपण ७६ वर. म्हणजे दीड-दोन दिवसांत तो आपल्या डोक्यावरून पुढं गेलेला असेल.

तो येतोय याला फारसं महत्त्व नाही, असे चक्रावात हिवाळाभर येतच असतात. बघायचं ते हे की बाक किती खाली उतरलाय. हवामान खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं: अमुक रेखांशालगत, अमुक अक्षांशाच्या उत्तरेला. तिथं ३० अक्षांश लिहिलेलं असेल तर काश्मीर-हिमाचलात बर्फ पडेल, आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. या खेपेला २० अक्षांश लिहिलंय. २० म्हणजे जवळजवळ छत्रपती संभाजीनगरची रेषा. म्हणून कान टवकारले.

बाक पुढं सरकला की त्याच्या मागं वायव्येचे-उत्तरेचे वारे लागतात आणि वरची हवा खाली बसायला लागते. इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. खाली बसणारी हवा दाबली जाते आणि तापते, किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. मग थंडी कुठून येते? तर ती हवा कोरडीठाक असते. ढग नाहीत, बाष्प नाही, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर आकाशात सोडून देते. उत्तरेतून थंडी येते हे अर्धंच खरं. सोलापूरची निम्मी थंडी आपल्याच रानात, त्याच रात्री तयार होते. उत्तरेकडून येते ती तिची परवानगी.

उद्या ८५० चा नकाशा आणि दवबिंदू याबद्दल लिहितो.

सातरस्ता | रविवार, रात्री ९:१५

मालक, ॲपवाल्यांकडं सुपर कॉम्प्युटर असतंय. तुमच्याकडं काय हाय बे? 😄

हवापाणी | रविवार, रात्री ९:४०

त्यांच्याच सुपर कॉम्प्युटरचा नकाशा मी बघतोय की. फरक एवढाच की ॲप शेवटचा आकडा दाखवतं आणि मी त्याच्या आधीचं चित्र बघतो.

बहुतेक फुकटची ॲपं अमेरिकन जीएफएस या हवामान-मॉडेलचा (संगणकी अंदाजाचा) माल वापरतात. त्याची जाळी पाव अंशाची, म्हणजे साधारण २५-२७ किलोमीटरचा एक चौकोन. त्या एका चौकोनात सात रस्ता, हिप्परग्याचा तलाव आणि नान्नजचा माळ सगळं कोंबलेलं असतं आणि त्या सगळ्याला मिळून एकच तापमान. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, तिची जाळी ६ किलोमीटरची आहे. सुधारणा मोठीच. पण वारा आणि दाब हा कुठल्याही मॉडेलचा पक्का विषय आणि पहाटेची जमिनीलगतची निवांत हवा हा कच्चा. पक्क्या विषयाचं त्याच्याकडून घ्यावं, कच्च्याचं आपण जोडावं.

आणि 'फील्स लाइक' नावाचा आकडा तर बघूच नका. द्राक्षाला काय फील होतंय ते त्यात नसतं.

भूगोलवाली | रविवार, रात्री १०:२०

छान धागा. एक भर घालते. नकाशावरचा दाब बघताना वेळ सांभाळा. आपल्या अक्षांशात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा चढउतारच दोन-चार हेक्टोपास्कलचा असतो. सकाळचा नकाशा आणि संध्याकाळचा नकाशा शेजारी ठेवून 'दाब पडला, काहीतरी येतंय' असं म्हटलं की फसलात. कालचे साडेआठ आणि आजचे साडेआठ, अशीच तुलना करायची. हवामान खातं म्हणूनच २४ तासांतल्या दाबबदलाचा वेगळा नकाशा काढतं.

माझी मुलं वर्गात विचारतात, समदाब रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलवरच का काढतात, पुस्तकात तर चार-चारवर असतात. कारण हेच. युरोपसारखा दाबाचा मोठा उतार आपल्याकडं क्वचित असतो. चार-चारवर काढल्या तर महाराष्ट्रावर एखादी रेष येईल, नाहीतर तीही नाही.

हवापाणी | सोमवार, सकाळी ९:०५

भूगोलवाली ताई, एकदम मुद्द्याचं. आजच्या दाबबदलाच्या नकाशावर पश्चिम राजस्थान आणि कच्छकडं दाब चढलेला दिसतोय. चक्रावाताची पाठ तिथं आली. उद्या हाच चढ माळव्यात दिसला तर गाडी रुळावर आहे.

परभणीकर | सोमवार, सकाळी १०:३०

तुमचं लक्ष निफाडकडं असतं, आमच्याकडं बघत चला. सोलापूरला थंडी नाशिकच्या वाटेनं कमी आणि विदर्भ-मराठवाड्याच्या वाटेनं जास्त येते, हे माझं जुनं मत आहे.

हवापाणी | सोमवार, रात्री ८:३०

परभणीकरांशी सहमत, आणि हाच आजचा विषय.

८५० हेक्टोपास्कल म्हणजे दीड किलोमीटर उंची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे आपल्या डोक्यावर हजारेक मीटर. या पातळीवर वाऱ्याची दिशा बघायची. नकाशावर काडी आणि तिला पिसं असतात. काडीचं पिसांकडचं टोक जिकडं, तिकडून वारा येतो. पूर्ण पीस म्हणजे १० नॉट वेग, अर्धं म्हणजे ५, भरीव त्रिकोण म्हणजे ५०. (त्रिकोण ८५० वर शोधत बसू नका. तो वर, बारा किलोमीटरच्या झोतवाऱ्यात सापडेल.)

निफाडला ६ अंश झाले की आपल्याकडं लोक कानटोपी शोधायला लागतात. पण निफाड वायव्येच्या वाऱ्याच्या थेट वाटेत आहे आणि आपण राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात. आपल्या आणि बंगालच्या उपसागराच्या मध्ये कर्नाटकाचा एक पट्टा आणि तेलंगण-आंध्र, बस. उच्च दाबाचं क्षेत्र मध्य भारतावर बसलं तर त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरणारा वारा आपल्याकडं ईशान्येकडून येतो: छत्तीसगड, विदर्भ, नांदेड, लातूर. कोरडा, जमिनीवरचा. तेच क्षेत्र पूर्वेला सरकून ओडिशाच्या किनाऱ्याजवळ, समुद्रावर गेलं तर वारा आग्नेयेकडून लागतो आणि सोबत समुद्राची वाफ आणतो. पहिल्यात गारठा, दुसऱ्यात ढग. चक्रावात तोच.

यासाठी मी एक खिडकी ठरवलीय: हैदराबाद. तिथं पहाटे साडेपाचला फुगा सोडतात, त्याचे वारे खरे मोजलेले असतात, मॉडेलचे नव्हेत. आज तिथं ८५० वर पूर्व-आग्नेय होता. बुधवारी तो ईशान्येला वळला पाहिजे. युरोपियन मॉडेल मंगळवारी रात्रीच वळवतंय, जीएफएस बुधवारी दुपारी. दिशेबद्दल दोघांचं एकमत आहे, वेळेबद्दल नाही, म्हणून मी बुधवारऐवजी गुरुवारच्या पहाटेवर जास्त भरवसा ठेवतोय.

बेदाणाशेड | सोमवार, रात्री ९:००

पंढरपूर तालुक्यातून लिहितोय. शेडवर माल टाकायला सुरुवात केलीय. थंडीनं वाळवण लांबतं आणि बेदाण्याचा रंग उतरतो. डिपिंग (द्राक्षं द्रावणात बुडवून वाळत घालणं) थांबवू का?

हवापाणी | सोमवार, रात्री ९:२५

माझ्या मते थांबवू नका. रात्र गार असली तरी दिवसा २९-३० राहील आणि हवेत ओलावा नसेल. ईशान्येचा कोरडा वारा जाळीवरच्या मालाला चांगलाच. दोन दिवस जास्त लागतील इतकंच. तुमचा शत्रू ढग आणि पाऊस, गारठा नव्हे. रात्री शेडचे पडदे मात्र खाली सोडा.

नान्नजकर | सोमवार, रात्री १०:१०

आमची द्राक्षबाग उशिरा छाटलेली, मण्यांत आत्ता कुठं पाणी उतरायला लागलंय. गारठा म्हटलं की पोटात गोळा येतो. पिंक बेरी झाली, म्हणजे मणी गुलाबी पडले, की व्यापारी तोंड वाकडं करतो. रानात नक्की किती जाईल ते सांगा.

हवापाणी | मंगळवार, सकाळी ७:४५

त्यासाठी दवबिंदू. माझ्या लेखी सगळ्या नकाशांत हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराचा दवबिंदू बघा. तो १४-१५ असेल तर रात्री पारा तिथवर आला की दव धरायला लागतं, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. म्हणजे १४ च्या खाली फार जाणार नाही. पण दवबिंदू ४ असेल तर त्या रात्रीला खाली धरणारं काही नाही. मग फक्त वारा आणि रात्रीची लांबी ठरवते. वारा पडला तर जमिनीलगत गार हवेचा थर साचतो, वारा वाहता राहिला तर वरची उबदार हवा खाली मिसळते आणि पारा दोन-चार अंश वरच राहतो.

बुधवार संध्याकाळचा दवबिंदू मॉडेल ३ ते ५ दाखवतंय आणि मध्यरात्रीनंतर वारा जवळपास शून्य. तुमचं रान सखल आहे की माळावर? ओढ्याकाठच्या बागेत गार हवा उतरून साचते. सखल असेल तर ९-१० धरून चला, माळावर ११. कोरडी काळी माती रात्री वरून झटकन गार होते, कारण खालची ऊब तिच्यातून वर येत नाही. ओली माती ती ऊब वर आणते.

द्राक्षपंढरी | मंगळवार, सकाळी ८:३०

नान्नजकर, त्यावरूनच सांगतो: बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळनंतर बागेला पाणी द्या, हलकं, पण वाफा ओला दिसेल एवढं. घडांना कागद लावायचा राहिला असेल तर आजच लावा. पिंक बेरीला नुसती थंडी कारण नसते. रात्र दहाच्या खाली आणि दिवस तिशीच्या वर, हा फरक नडतो, आणि कागदानं तो थोडा कमी होतो.

शेकोट्यांबद्दल मतभेद आहेत. धुरानं थंडी अडते असं गावोगाव मानतात. धूर फार काही अडवत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, तीही बागेभर थोड्या थोड्या अंतरावर लहान लहान शेकोट्या असतील तर. एका कोपऱ्यात टायर पेटवून फक्त शेजाऱ्याशी भांडण होतं. भुरी रोगाकडं लक्ष ठेवा, कोरड्या गार हवेत ती उठते.

चहाटपरी | मंगळवार, दुपारी १:१०

एवढं शास्त्र कशाला? ढग आले की थंडी वाढते, हे शेंबडं पोरगंही सांगतंय.

भूगोलवाली | मंगळवार, दुपारी १:४५

दिवसा वाढते, रात्री कमी होते. दिवसा ढगानं ऊन अडतं म्हणून गार वाटतं. रात्री तेच ढग जमिनीची उष्णता परत खाली पाठवतात, सोलापुरी चादर रानावर टाकावी तसे. म्हणून गारठ्याची पहाट नेहमी चांदण्यांनी भरलेल्या रात्रीनंतर येते. तुम्ही टपरी पहाटे उघडता ना? आठवून बघा.

चहाटपरी | मंगळवार, दुपारी २:००

हे मात्र बरोबर हाय. आभाळ असलं की पहाटे चहा कमी खपतो.

हवापाणी | बुधवार, सकाळी ९:३०

हैदराबादचा आजचा फुगा: ८५० वर उत्तर-ईशान्य, १० नॉट. वळला. साडेआठच्या नकाशावर उच्च दाब पूर्व मध्य प्रदेशावर. उपग्रहाच्या चित्रात विदर्भापासून आपल्यापर्यंत आभाळ स्वच्छ. काल ॲप १७ म्हणत होतं ते आज १५ वर आलंय, हळूहळू येतंय बिचारं.

एक शंका उरते ती वाऱ्याची. जमिनीलगतचा वारा मध्यरात्रीनंतर पडला नाही तर उद्या १५ वरच अडकेल आणि खरा गारठा शुक्रवारी लागेल.

परभणीकर | गुरुवार, सकाळी ८:५०

आमच्याकडं कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एकेरी आकड्यात गेल्याचं ऐकतोय. रात्री वारा चिडीचूप होता.

नान्नजकर | गुरुवार, सकाळी ९:१५

बागेत पहाटे साडेपाचला १० च्या थोडं वर. पाणी दिलं होतं. पलीकडच्या कोरड्या हरभऱ्याच्या तुकड्यात त्याच मापकानं नऊच्या खाली.

सातरस्ता | गुरुवार, सकाळी ९:४०

माझ्या पत्र्यावर टांगलेल्या थर्मामीटरात ८ आला! रेकॉर्ड मोडलं की काय मालक?

हवापाणी | गुरुवार, सकाळी १०:१०

पत्रा रात्री आकाशाकडं बघत स्वतः हवेपेक्षा गार होतो, तुम्ही पत्र्याचं तापमान मोजलंत. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो, झडपांतून हवा खेळती. शहराचा अधिकृत आकडा तेराच्या आसपास आहे.

नान्नजकरांचं निरीक्षण मात्र सोन्यासारखं. एकच मापक, एकच वेळ, ओलं रान आणि कोरडं रान.

पार्कचौक | गुरुवार, सकाळी ११:००

एका वेबसाइटवर 'सोलापुरात थंडीची लाट' अशी बातमी आहे. खात्याच्या यादीत सोलापूरचं नाव नाही. खरं कोण?

हवापाणी | गुरुवार, दुपारी १२:२०

दोघांचा हिशेब वेगळा. मैदानी भागात खातं लाट जाहीर करतं ती किमान तापमान १० किंवा खाली असेल आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असेल तेव्हा. साडेसहाच्या पुढं घट गेली तर तीव्र लाट. ४ अंशांपर्यंत पारा उतरला तर सरासरी न बघताच लाट.

फेब्रुवारीच्या शेवटी आपली किमान सरासरी अठराच्या आसपास. आज १३ म्हणजे पाच अंशांची घट झाली, तरी १० ची अट पुरी होत नाही. हे निकष उत्तर भारताला शोभतात. शिवरात्रीनंतरच्या सोलापुरात १० गाठायचा म्हणजे आठ अंशांची घट हवी, म्हणजे लाट आलीच तर थेट तीव्रच. म्हणून यादीची वाट बघू नका. किमान तापमानाचा सरासरीपासूनचा फरक दाखवणारा नकाशा रोज सकाळी बघा. पिकाला लाटेचं नाव कळत नाही, फरक कळतो. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तोही वाचत जा. त्यात फवारणीचं सांगितलेलं असतं, ते माझं काम नव्हे.

बेदाणाशेड | शुक्रवार, रात्री ८:१५

आजही गार होतं, पण माल छान वाळतोय. पुढचं काय? कुणीतरी ग्रुपवर गारपिटीचं टाकलंय, डोकं फिरलंय.

हवापाणी | शुक्रवार, रात्री ९:३०

ग्रुपवरचं सोडा, नकाशा बघू. पुढचा बाक आत्ता ५० रेखांशाच्या पलीकडं आहे, म्हणजे मंगळवारच्या आधी इकडं नाही. पण या खेपेला मांडणी वेगळी आहे. मध्य भारतावरचं उच्च दाबाचं क्षेत्र रविवारपर्यंत सरकून ओडिशाच्या किनाऱ्यापलीकडं जातंय. हैदराबादचा वारा आग्नेयेला वळेल, दवबिंदू ४ वरून १४-१५ वर चढेल, रात्री पुन्हा उबदार होतील. खाली दमट आणि तापलेली हवा असताना वरून ५०० च्या पातळीवर थंड बाक आला तर गडगडाट होतो, आणि क्वचित गारा. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारांनी जो धिंगाणा घातला, त्यात आपला जिल्हाही होता, तो विसरणारा बागायतदार इथं नसेल. तेव्हाही वरून एकामागून एक बाक येत होते आणि खाली समुद्राची वाफ पोचत होती.

तसं होईलच असं म्हणत नाही. युरोपियन मॉडेल एकाच अंदाजाची पन्नास थोडी थोडी वेगळी रूपं काढतं, त्यांतली बरीचशी बाकाला २५ अक्षांशाच्या वरच ठेवतायत. तसं झालं तर नुसतं आभाळ येईल. चार दिवसांवरच्या गारपिटीबद्दल तालुक्याचं नाव घेऊन कुणी सांगत असेल तर तो नकाशा वाचत नाही, भविष्य सांगतो.

बेदाणाशेड | शुक्रवार, रात्री ९:५०

म्हणजे नवा माल टाकू की नको, एवढं सांगा.

हवापाणी | शुक्रवार, रात्री १०:०५

उद्या-परवा टाकाल तो मंगळवारी अर्धवट वाळलेला असेल, आणि तीच सगळ्यात नाजूक अवस्था. मी तुमच्या जागी असतो तर जाळीवरचा माल आधी पुढं काढला असता आणि नवं डिपिंग सोमवारचं बुलेटिन बघून. ताडपत्र्या शेडवर आणून ठेवा. रविवारी हैदराबादचा वारा आणि संध्याकाळचा दवबिंदू इथं टाकतो. दवबिंदू १२ च्या वर गेलेला दिसला तर रात्री कितीही वाजले तरी धागा वर आणेन.

नान्नजकर | शुक्रवार, रात्री १०:२०

कागद काढू का मग घडांचे?

द्राक्षपंढरी | शुक्रवार, रात्री १०:३५

घाई नको. अजून दोन पहाटा गार आहेत, रविवारनंतर बघा. आणि उद्या पाणी देऊ नका, एवढ्यात दोनदा दिलंय.